एप्रिलमधला सडा आणि ऑगस्टमधला सडा

आमचं काम छोट्या मॉड्युलर केबिनचं. पॅनेल कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये तयार करायचे, ट्रकने साइटवर न्यायचे आणि तिथे बोल्टने जोडून दीड-दोनशे स्क्वेअर फुटांची खोली उभी करायची. मॉड्युलर म्हटलं की लोकांना वाटतं कुठेही नेऊन ठेवता येतं. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावरच्या साइटला क्लायंटचं अगदी हेच म्हणणं होतं. जागा त्यांनी एप्रिलमध्ये बघितलेली, ड्रोनने शूटिंग केलेलं, सड्याच्या मधोमध सहा केबिनच्या खुणा पण मारून घेतलेल्या, आणि मला फक्त ड्रॉइंग द्यायचं होतं. मी म्हटलं पावसात जागा बघितल्याशिवाय एक रेघ मारणार नाही, आणि ऑगस्टच्या शेवटी क्लायंट आणि मी अणुस्कुरा घाटाने खाली उतरलो.

घाटातूनच जायचं यालाही कारण होतं. केबिन कारखान्यातच पूर्ण करून मोठ्या ट्रेलरवर आणायची असा क्लायंटचा आग्रह होता, पण त्या वळणांवर चाळीस फुटी ट्रेलर आणणं म्हणजे सगळा घाट अडवून ठेवणं. घाट उतरल्यावर त्यांनी तो विषय परत काढला नाही.

सड्यावर पोचलो तेव्हा सर नुकतीच येऊन गेलेली. ज्यांनी कोकणातला सडा फक्त उन्हाळ्यात बघितलाय त्यांना सांगून पटणार नाही. एप्रिलमध्ये तो काळा, तापलेला, ओसाड कातळ असतो, सातबाऱ्यावर पण पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन म्हणूनच नोंद असते. आता सगळीकडे पाणी होतं, डबकी नाही, वाहतं पाणी, घोट्याच्या खाली पण अख्ख्या सड्याच्या रुंदीने सरकत जाणारं, आणि त्यात सीतेची आसवं फुललेली, निळीजांभळी, नजर जाईल तिथपर्यंत, मधेमधे गेंदाच्या फुलांची पांढरी बटणं. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती. कातळावर माती जेमतेम बोटभर, तिच्यात पोषण नाही, म्हणून पाण्यातले बारीक जीव पकडून जगते. आमच्या खुणांचे खुंटे त्याच गालिच्यात उभे होते, आणि एक खुंटा तर सरळ पाण्याच्या वाटेत.

गुरं घेऊन आलेले एक काका आम्ही काय मोजतोय ते बराच वेळ बघत होते. मी विचारलं, काका, हे पाणी जातं कुठे? ते म्हणाले, "ताई, ह्या भेगांतनं खाली झिरपतं आणि आमच्या वाडीच्या विहिरीला लागतं. मे महिन्यात आम्ही हेच पाणी पितो." मग त्यांनी आम्हाला सड्याच्या कडेपर्यंत नेलं, कुठल्या भेगेत पाणी उतरतं ते दाखवलं, आणि चालताना एक सुटा दगड क्लायंटने कुतूहलाने पालथा केला तर काकांनी तो तसाच परत ठेवायला लावला. बरोबर होतं त्यांचं. या सुट्या दगडांखाली पाली, विंचू, बेडूक राहतात. पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल तर कोकणातल्या सड्यांवरच सापडते, आणि लोक गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीसाठी नाहीतर लँडस्केपिंगसाठी हेच दगड उचलतात. शिवाय या भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी ही नावं आता सगळ्यांना माहिती झालीत, कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत पण आली. मातीखाली काय कोरलेलं आहे हे न बघता तिथे क्रेन फिरवायची हे मला सहनच होत नाही.

क्लायंट म्हणाले, मॅडम, केबिन खांबांवर उचलू, पाणी खालून जाऊ दे. टेक्निकली होईल. पण खालची झाडं सावलीत मरतील, पॅनेल आणताना पायाखाली जातील, आणि केबिन म्हटलं की पार्किंग, सेप्टिक टँक, पायवाट हे सगळं मागोमाग येतंच. सेप्टिक टँक त्या भेगांच्या वर? खाली लोकांची विहीर आहे. मी स्पष्ट सांगितलं, इथे मी काम करणार नाही.

त्यांच्याच जमिनीच्या उताराकडच्या टोकाला एक बंद पडलेली चिरेखाण, म्हणजे बांधकामाला जांभ्याचे चिरे काढायची खाण होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंही नव्हतं कारण फोटोत ती वाईट दिसते. खाणीच्या तळाला पाणी साठलेलं, पण वरची पायरी उताराकडे उघडी, पाणी निघून जात होतं. जमीन आधीच तुटलेली, नवीन काही तोडायचं नाही. त्यात कापलेल्या भिंतीत जांभ्याचा सगळा थर समोर दिसतो, वर कडक कवच, खाली खाली मऊ, शेवटी चिकणमाती, म्हणजे केबिन जमिनीला धरून ठेवणारा अँकर किती खोल जाऊ शकेल ते तिथेच कळलं. वाराही कमी. सड्याच्या मधोमध छत्री धरता येत नव्हती, इथे आरामात उभं राहून बोलता आलं.

वाऱ्याचं मला फार वाटतं. जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगरकडे घरांचे पत्रे उडून गेले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते सगळ्या किनाऱ्याला घासून गेलं. हलकी केबिन म्हणजे वाऱ्याला आयतं सावज. म्हणून ड्रॉइंग त्या दिवसाने बदललं. सहाच्या चार केबिन झाल्या. फ्रेम गॅल्व्हनाइज्ड, कारण खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, आणि साइटवर वेल्डिंग अजिबात नाही, कारण वेल्डिंगने जस्त जळतं आणि तिथूनच गंज धरतो. एकही पॅनेल चौघांना उचलता येणार नाही इतकं जड नको, म्हणजे क्रेन लागणार नाही. छपराला पत्रा आणि त्यावर जुन्या घरांची उतरवलेली मंगलोरी कौलं. गावागावात कौलं काढून स्लॅब टाकतायत त्यामुळे कौलं मिळतात, वजनाने छप्पर दाबून राहतं, आणि पत्र्यावर पावसाचा जो कान फोडणारा आवाज असतो तो पण कमी होतो. वळचण चार फूट पुढे. आतून बोरॅक्स-बोरिक ट्रीटमेंट केलेला माणगा बांबू, तो तिथलाच, बाहेरून आणायची गरज नाही. प्लास्टिक सीलंटवर विसंबून राहायचं नाही, पाणी आत येणारच नाही असा जॉइंट हवा, एक पॅनेल दुसऱ्यावर चढणारा.

क्लायंटला समुद्र हवा होता, तो खाणीतून दिसत नाही, खाडीचा एक तुकडा दिसतो. यावर परतीच्या वाटेवर बरीच बोलाचाली झाली. शेवटी त्यांनी विचारलं, लोकांना समुद्र बघायचा असेल तर? मी म्हटलं, सड्याच्या कडेने गुरांची जी वाट आहे तिनेच चालत जाऊ दे, नवीन वाट नको, आणि पावसाळ्यात फुलांचे महिने संपेपर्यंत सड्यावर खुर्च्या, तंबू, गाडी काही नाही. हे त्यांनी बुकिंगच्या नियमात लिहायचं कबूल केलं. खुंटे मात्र काकांनी आमच्यासमोरच उपटले, आम्ही थांबवलं नाही.

पहिली केबिन हिवाळ्यात उभी राहिली. गेल्या पावसात आत पाणी आलं नाही, पश्चिमेकडच्या दाराची चौकट फुगली, त्या बाजूला आता नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधतोय, गावात पडवीला बांधतात तशीच. सेप्टिकच्या जागी जिवाणूंनी मैला कुजवणारी बायो-डायजेस्टर टाकी बसवलीय, उताराकडे, विहिरीच्या विरुद्ध बाजूला. बाकी तीन केबिनचे पॅनेल वर्कशॉपमध्ये तयार आहेत, पण रस्ता सुकल्याशिवाय नेणार नाही.