गिलाव्याखालचं घर

गिरगावातल्या खोताच्या वाडीत एक बुटकं घर आहे. लाकडी जिना बाहेरून चढणारा, वर मंगळुरी कौलं. लहानपणापासून त्याच्यावरून जातोय, पण ते विटांचं आहे हे मला परवा कळलं. पावसाने दर्शनी भिंतीचा गिलावा पोपडा धरून धरून शेवटी धपकन गळून पडला, आणि आतून लालभडक विटा दिसू लागल्या.

मी तर खूशच झालो. वांद्र्याला हॉटेलवाले असल्या भिंतीसाठी पैसे मोजतात, नाही जमलं तर विटांच्या चित्राचा कागद चिकटवतात. तसं बोललोही. घरातल्या मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू पाहुण्यांसमोर त्यांचा पदर घसरला होता. "उघडी ठेवायची व्हय भिंत? लोक काय म्हणतील!"

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभूंनी इथल्या जागा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना विकल्या, तेव्हापासूनची ही वाडी. तेव्हाच्या गवंड्यांसाठी वीट म्हणजे आतला माल, मिरवायचा नव्हे. ती झाकायची चुन्याने. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू पुन्हा दगड होतो, तरी भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट ठेवतो. मावशींच्या घराचं दुखणं वेगळंच होतं. मागे कधीतरी कुणीतरी 'पक्कं काम' म्हणून सिमेंट थापलं होतं. ओल आत कोंडली, क्षारांचा लोणा लागला, आणि सिमेंट विटेचा पापुद्रा घेऊनच सुटलं. पक्क्या कामाचा मला तेव्हापासून धसका आहे.

यंदा मात्र गवंडी म्हातारा मिळाला. भिजवलेला चुना, वाळू, थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. तो कालवत होता तोवर मी विटा बघत बसलो. एका विटेवर तीन बोटं उमटलेली दिसली. भट्टीत जाण्याआधी, ओली असताना, कुणीतरी ती घाईत उचलली असणार. बोटं बारीक होती. बाईची, नाहीतर पोराची. माझी त्यांत बसेनात.

"सरका जरा," गवंडी म्हणाला, आणि थापी फिरली.

आता भिंत पांढरीशुभ्र आहे. मावशी खूश आहेत. वाडीतून जाताना मी मनातल्या मनात मोजतो: खालून सातवा थर, खिडकीकडून चौथी वीट.