तुम्ही विचारलंत म्हणून: आठव्या इनिंगमधली शांतता

बॉस्टनच्या आमच्या घरी भारतातून पाहुणे आले आणि टीव्हीवर सामना लागला, की हा प्रश्न ठरलेला. ‘तुम्ही संख्याशास्त्र शिकवता ना? मग बेसबॉलवाल्यांच्या या शकुन-अपशकुनांचं एवढं कौतुक कशाला?’

वेड बॉग्जमुळे. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा हा खेळाडू सामन्याच्या दिवशी चिकनच खायचा. संध्याकाळचा सामना असला की ५:१७ला फलंदाजीचा सराव, ७:१७ला पळायचा. बॅटिंगला उभा राहिला की मातीत ‘जीवन’ या अर्थाचं हिब्रू चिन्ह काढायचा, आणि तो ज्यू नव्हता. कारकिर्दीत ३,०१० हिट, म्हणजे इतक्या वेळा चेंडू मारून तो बेसवर, धावत गाठायच्या ठाण्यावर, सुखरूप पोचला. चिकनमुळे हिट मिळतात असं मी अर्थातच मानत नाही. पण त्याच्यासमोर काय होतं ते बघा. साडेसाठ फुटांवरून ताशी ९५ मैलांनी सुटलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात अंगावर येतो. खणखणीत मारलेला कधी थेट कुणाच्या तरी हातात जातो, तर बॅटची कड लागून घरंगळलेला हिट ठरतो. दहापैकी तीनदा हिट मिळवणारा माणूस इथे उत्तम फलंदाज. उरलेल्या सात वेळांचं ओझं घेऊन त्याला रोज मैदानात उतरायचं असतं.

जॉर्ज ग्मेल्च हे मानववंशशास्त्रज्ञ तरुणपणी स्वतः मायनर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायरीवर, खेळलेले. त्यांना आठवलं ते मॅलिनोव्स्की या जुन्या मानववंशशास्त्रज्ञाचं पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवरचं निरीक्षण: खाजणाच्या शांत पाण्यात मासे हमखास मिळतात, तिथे मंत्र-तंत्र नाही, खोल समुद्रात जिवाची जोखीम, तिथे विधीच विधी. बेसबॉलमध्येही ग्मेल्चना तेच दिसलं. क्षेत्ररक्षण शंभरात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव वेळा बिनचूक होतं, म्हणून त्याचे तोडगे फारसे नाहीत. बहुतेक तोडगे बॅट आणि पिचिंगचे, म्हणजे चेंडू फेकण्याचे. माणूस तोच, मैदान तेच. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. वर्गात दरवर्षी सांगते.

आणि एक प्रथा मी मनापासून पाळते. पिचरने अजून एकही हिट दिलेला नसेल, तर ‘नो-हिटर’ (सामनाभर एकही हिट न देणं) हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. ८ ऑक्टोबर १९५६, वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेचा पाचवा सामना. न्यूयॉर्क यांकीजचा पिचर डॉन लार्सन याच्यासमोर ब्रुकलिन डॉजर्सचा एकही फलंदाज पहिल्या बेसपर्यंत पोचेना. डगआउटमध्ये सोबती त्याच्यापासून लांब बसू लागले. जमेल का रे, असं त्याने संघातल्याच मिकी मँटलला विचारलं, तर मँटल उत्तर न देता निघून गेला. सत्तावीस फलंदाज आले, सत्तावीस बाद झाले. मगच त्याचे चेंडू झेलणारा योगी बेरा धावत येऊन त्याच्या अंगावर झेपावला.

लोकांना ते सोबती निष्ठुर वाटतात. मला नाही वाटत. माझी आई तान्ह्या बाळाकडे बघून ‘किती गोड’ म्हणू द्यायची नाही, दृष्ट लागेल म्हणायची. जे फार हवंसं असतं त्याबद्दल मोठ्याने बोलायला जीभ धजत नाही, तशातली ती शांतता. आमच्याकडेही नऊपैकी आठवी इनिंग आली आणि समोरच्यांच्या हिटच्या रकान्यात अजून शून्य असलं, की मी पाहुण्यांपुढे चहा ठेवते आणि ओठांवर बोट ठेवते.