बेचाळिसावं पान

आमचं जर्नल तसं लहानच, वर्षातून दोन अंक, विषय महानुभाव तत्त्वज्ञान, म्हणजे चक्रधर स्वामींच्या पंथाचा विचार, आणि एकूणच मध्ययुगीन धर्मविचार. ऑफिस म्हणजे मोर्शी तालुक्यातल्या एका कॉलेजची मागची खोली, त्यात एक कपाट आणि उन्हाळ्यात बंद पडणारा कूलर. मुख्य संपादक सर रिटायर झालेले, मी सहसंपादक, म्हणजे आलेला पेपर आधी मी वाचायचा, लेखकाचं नाव काढून दोन रिव्ह्यूअरकडे पाठवायचा, त्यांच्या मागे लागायचं, दुरुस्त्या करून घ्यायच्या, प्रूफं पाहायची. छापायचं की नाही ते सर ठरवतात. एडिटोरियल बोर्डावर अकरा नावं आहेत, त्यातली तिघं मेलला उत्तर देतात.

डिसेंबरात एक दिवस सकाळीच एक काकाजी आले. पांढरी दाढी, एका हातात संत्र्यांची थैली, दुसऱ्या हातात आमचा नवा अंक. दंडवत प्रणाम झाला, अंक टेबलावर उघडून त्यांनी एका पेपरच्या तळटिपेवर बोट ठेवलं. "मॅडम, हे पोथी आमच्या घरची हाये. आमच्याच गावाचं नाव लिवलं हाये इथं. पान बेचाळीस, मागची बाजू. पन पोथीले पानंच एकतीस हायेत."

मी म्हटलं काकाजी, दुसरी एखादी पोथी असेल. तर म्हणे गावात सकळ लिपीतली, म्हणजे महानुभावांच्या अक्षरं बदलून लिहायच्या सांकेतिक लिपीतली, पोथी एकच आहे, आणि ते पाहाले बारा-पंधरा वर्सात कोनी आलं नाही.

आता हे इतकं गंभीर काऊन, ते सांगते. महानुभावांच्या विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि एकमेकांपासून वेगळे, आणि मोक्ष देतो तो फक्त परमेश्वर, देवता फळ देतात पण ते मर्यादित, संपणारं. त्या पेपरचं म्हणणं असं होतं की एका जुन्या पोथीत देवताही मोक्ष देते असा पाठ सापडतो, म्हणजे सुरुवातीच्या काळात हा भेद इतका पक्का नव्हता. मोठंच विधान. दोन्ही रिव्ह्यूअरनी 'महत्त्वाचं संशोधन' असं लिहून पास केलं होतं, मलाही वाचताना खरं सांगते भारी वाटलं होतं. आणि सगळा डोलारा उभा होता बेचाळिसाव्या पानावर.

मला वाटलं काकाजी चिडले असतील, पंथाविरुद्ध लिहिलं म्हणून. असे फोन आम्हाला येतात. पण ते म्हणाले, "लिवा ना बाप्पा काय लिवायचं ते, पन पान दाखवा." आणि मग मलाच ऐकवलं की म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या तेव्हा ज्यांनी स्वामींना पाह्यलं त्यांना गाठून गाठून विचारलं, पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतलं, आणि दोघांना वेगळं आठवलं तर तेही 'वासना' म्हणून नोंदवलं. हे सगळं 1278 च्या सुमाराला, इथं शेजारी रिद्धपुरात! मी हे वर्गात शिकवते, आणि माझ्या टेबलावरून न पाहिलेलं पान पास होऊन गेलं.

लेखकाला फोन लावला. तो म्हणे मॅडम टायपिंग मिस्टेक, 42 नाही 24 आहे. सरांना सांगितलं तर सर म्हणाले झालं मग, पुढच्या अंकात '42 ऐवजी 24 वाचावे' एवढं टाका, वाढवू नका. सरळ मार्ग होता. मीही जवळजवळ हो म्हटलंच होतं, पण काकाजी समोरच बसलेले, संत्रं सोलत, काही बोलत नव्हते, आणि मला एकदम लाज वाटली की पान इथून चौदा किलोमीटरवर आहे आणि आपण फोनवर ठरवू रायलो. दुपारचं लेक्चर दुसऱ्या मॅडमला दिलं, काकाजींना गाडीवर मागे बसवलं आणि गेले.

पोथी देवघरात होती, बासनात बांधलेली. काकाजींनी हातपाय धुतले, मलाही धुवायला लावले. सकळ लिपी मला वाचता येते, पण पहिलीतल्या पोरासारखी, एकेक अक्षर बदलून बदलून. काकाजी मात्र वर्तमानपत्र वाचावं तसे वाचत होते. चोविसाव्या पानावर भिक्षेची एक लीळा होती, दोन्ही बाजू वाचल्या, देवता नाही, मोक्ष नाही. मग म्हटलं दुसरीकडे असेल, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं, साडेतीन तास, मधे दोनदा चहा आणि एकदा लाईन गेली तर मोबाईलच्या उजेडात. तो पाठ पोथीत नाहीच. लेखकाने पोथी पाहिलीच नव्हती, कुठल्यातरी जुन्या प्रबंधातला संदर्भ उचलून स्वतः पाहिल्यासारखा दिला होता, हे त्याने दोन दिवसांनी कबूल केलं.

रात्री घरी येऊन मी त्याचा पीएचडीचा प्रबंध उघडला, म्हटलं पाहू तरी. ऋणनिर्देशात दुसऱ्याच क्रमांकावर आमच्या एका रिव्ह्यूअरचं नाव! म्हणजे मी नाव झाकून पेपर पाठवला आणि त्यांनी पहिल्याच पानावर ओळखला असणार. त्यांनी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की माझा संबंध आहे, दुसऱ्याला द्या. नाही सांगितलं. पण विचारायचं काम माझं होतं आणि आमच्या फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता. या विषयात सकळ लिपी वाचणारी माणसं मोजकी, सगळे एकमेकांचे गुरू नाहीतर गुरुबंधू, त्यामुळे नाव झाकणं म्हणजे पुष्कळदा नुसता उपचार. तरी विचारायला हवंच.

सर दोन दिवस नाराज होते. मी त्यांना 'कोप'ची मार्गदर्शक तत्त्वं प्रिंट काढून दिली, ही 1997 साली इंग्लंडमधल्या संपादकांनी सुरू केलेली, संशोधन छापण्याचे नीतिनियम सांगणारी संस्था, त्यात स्पष्ट आहे की निष्कर्षावर विश्वास ठेवता येत नसेल तर पेपर मागे घ्यायचा, पण गुपचूप काढून टाकायचा नाही, तो तसाच ठेवून वर लिहायचं की मागे घेतला, कोणी घेतला आणि का. शुद्धिपत्र चालतं ते चूक किरकोळ असेल आणि मुख्य म्हणणं टिकत असेल तेव्हा. सरांनी वाचलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, निवेदन माझ्या नावाने जाईल, तुमच्या नाही, शेवटचा होकार माझा होता. हे मला अपेक्षित नव्हतं.

निवेदन सात ओळींचं. देवता मोक्ष देते की नाही यावर त्यात एक शब्द नाही, ते आम्ही ठरवायचं कामच नाही. फक्त एवढंच की उद्धृत केलेलं पान अस्तित्वात नाही, पोथी एकतीस पानांची आहे, आणि सहसंपादकाने ती प्रत्यक्ष पाहिली.

अंक काकाजींना पोस्टाने पाठवला. आठ दिवसांनी फोन आला. "मॅडम, चांगलं लिवलं. पन पानं बत्तीस हायेत. काल पुन्ना मोजली. पयल्या पानावर आकडा नाही, तुमी शेवटचा आकडा पाह्यला अन मीबी तोच सांगत आलो."

आता जूनच्या अंकात शुद्धिपत्र जाईल, माझ्या नावाने.