स्टॉर्म जिब होती, स्टे होता, खालचा रॉड नव्हता

मी डिलिव्हरी स्किपर आहे, म्हणजे लोकांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन पोचवायच्या, मालक कधी सोबत असतो कधी नसतो. या वेळी होता. बोट बारा मीटरची, क्रूझिंग स्लूप, म्हणजे एका डोलकाठीची सफरीची बोट, वरून बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. मालक, मी आणि डेकवर काम करणारा एक तरुण पोरगा, एवढीच माणसं. बोट पोचली, सगळे सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला जे सांगायचंय ते वादळाबद्दल कमी आणि डेकच्या खाली जे सापडलं त्याबद्दल जास्त आहे, आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉर्म जिब म्हणजे फार जोराच्या वाऱ्यात पुढे लावायचं छोटं, जाड कापडाचं, सपाट शिवलेलं, भडक केशरी रंगाचं शीड. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या बोटींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ऑफशोअर नियमांत त्याचं कमाल माप दिलंय, पुढच्या त्रिकोणाच्या (डोलकाठी, पुढची ताणलेली तार आणि डेक यांच्यातल्या) उंचीच्या वर्गाच्या 5 टक्के क्षेत्रफळ आणि लफची, म्हणजे शिडाच्या पुढच्या कडेची, लांबी त्या उंचीच्या 65 टक्के. या बोटीचा पुढचा त्रिकोण 14 मीटर उंच, म्हणजे जास्तीत जास्त 9.8 चौरस मीटर. हे वाचून लोक म्हणतात एवढंसं शीड काय करणार. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो हो, 20 नॉटचे (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 40 झाले की जोर चौपट, 45 नॉटला त्या एवढ्याशा शिडाच्या शीटवर, म्हणजे ज्या दोरीने शीड ओढून धरतो तिच्यावर, चारशे किलोच्या आसपास ताण येतो. आणि ज्या स्टेवर, म्हणजे डोलकाठीपासून पुढे डेकपर्यंत ताणलेल्या तारेवर, ते शीड चढतं त्या स्टेवर त्याच्या कितीतरी पट.

आता हा स्टे कुठला? हल्ली बहुतेक बोटींना पुढे रोलर फर्लर असतो, म्हणजे शीड गुंडाळायची फिरती नळी, जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, त्यावरच गुंडाळायचा, वारा वाढला की अजून थोडा गुंडाळायचा. पंचवीस नॉटपर्यंत छान चालतं. त्यापुढे गुंडाळलेल्या शिडाचा पुढे जाडजूड लोळ होतो, उरलेलं कापड फुगतं, ओढ वर आणि पुढे सरकते, आणि सगळा भरवसा एका फर्लिंगच्या दोरीवर येतो, ती तुटली की अख्खा जेनोआ फडकन उघडतो. आणि फर्लरवरून जेनोआ उतरवून तिथे दुसरं शीड चढवायचं तर आधी तो पूर्ण उघडावा लागतो, वादळात हे कोणी करू नये. म्हणून आत एक वेगळा स्टे असतो, सुटा, एरवी डोलकाठीपाशी बांधून ठेवलेला. लागेल तेव्हा पुढे आणून डेकवरच्या डोळ्यात, म्हणजे पक्क्या बसवलेल्या कडीत, अडकवायचा, लिव्हरने ताणायचा, मागे रनर, म्हणजे डोलकाठीला मागून धरणारे दोर, ताणायचे म्हणजे डोलकाठी पुढे वाकणार नाही, आणि मग त्याच्यावर हँक, म्हणजे शिडाच्या पुढच्या कडेचे हुक, लावून स्टॉर्म जिब चढवायची.

निघण्याआधी बंदरात, वारा नसताना, स्टॉर्म जिब चढवून बघितल्याशिवाय मी निघत नाही. मालकांना हे पटलं नव्हतं, सर्व्हेच्या रिपोर्टमध्ये सगळं ठीक लिहिलंय म्हणाले. तरी बॅग उघडली. शीड कोरं करकरीत, घड्या मोडताना कागदासारखा आवाज. हँकचे पितळी पिस्टन हिरवे पडून घट्ट झालेले, एकही अंगठ्याने मागे येईना, तेल घालून एकेक मोकळा करावा लागला, आणि हे काम ओल्या हातांनी अंधारात हलत्या डेकवर कोण करणार होतं हे मला कोणीतरी सांगावं. क्ल्यूला, म्हणजे शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला, शीट बांधलेल्याच नव्हत्या. मी त्या कायमच्या बांधून बॅगेतच ठेवतो, बोलाइन गाठीने, शॅकल कधीच नाही, कारण फडफडणाऱ्या शिडाच्या टोकाला लोखंड असेल तर ते पहिलं जाऊन समोरच्याच्या डोक्यात बसतं. जेनोआचा ट्रॅक या शिडासाठी फारच मागे होता, तिथून ओढलं तर नुसती खालची कड ताणते आणि वरचं कापड फडफडत राहतं. ब्लॉक, म्हणजे शीटची कप्पी, पुढे, शराउडच्या (डोलकाठीच्या बाजूच्या तारांच्या) आतल्या बाजूला आणला, शीटची रेषा शिडावर पुढे वाढवली तर लफच्या साधारण मध्यावर यावी अशा बेताने, आणि तिथे रंगीत टेप मारली. टॅकखाली, म्हणजे शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याखाली, एक आखूड दोरी घातली म्हणजे शीड डेकपासून उंच राहतं आणि पुढून आलेली लाट खालून निघून जाते, नाहीतर ते पाणी शिडाच्या पोटात बसतं आणि एका फटक्यात काहीतरी फाटतं. या सगळ्यात मला आनंद वाटतो, हे खरं सांगतो. सावकाश, मन लावून केलेलं काम.

मग स्टे ताणला. मी स्टे ताणायच्या आधी डेकवर, त्या डोळ्याला चिकटून, एक सरळ पट्टी आडवी ठेवतो आणि ताणल्यावर परत ठेवतो. लिव्हर बंद केला, पट्टी ठेवली, तर पट्टी डुलायला लागली. डेकला मध्ये उंचवटा आला होता. नुसत्या लिव्हरच्या ताणाने, शिडात वारा नसताना. पोरगा खाली पुढच्या केबिनमध्ये होता, तिथून ओरडला, "दादा, कपाटाचं दार अडकलं एकदम, काय केलंत?"

खाली जाऊन छताच्या आतल्या लाकडी पॅनेलचे स्क्रू काढले. डेकच्या खालच्या बाजूला, वरच्या डोळ्याच्या बरोबर खाली, स्टीलचा दुसरा डोळा. आणि खाली, गादीच्या फळ्या उचलल्यावर, बोटीच्या कण्यात फायबरने पक्का बसवलेला तिसरा. दोन्ही शाबूत. मधला रॉड गायब. तो रॉडच स्टेचा सगळा ताण डेकमधून खाली बोटीच्या हाडापर्यंत नेतो, त्याच्याशिवाय वरचा डोळा म्हणजे चार बोल्ट आणि बाल्सा लाकडाचं सँडविच असलेला डेक, बस. मालकांना विचारलं. त्यांनी ही बोट घेतली तेव्हापासून असंच आहे म्हणाले, आधीच्या मालकाने आतलं सगळं नवीन करून घेतलं होतं, पुढची केबिन खास, सलग मोठा बेड. रॉड त्या बेडच्या मधोमध येत होता. काढला असणार. कोणी काढला, त्याने मालकाला काय सांगितलं, कुठे लिहून ठेवलं का, काही पत्ता नाही. ज्याने काढला त्याने वर डोळा, लिव्हर, स्टे, सगळं तसंच ठेवलं, आणि याचा मला सर्वात जास्त राग येतो. स्टेसुद्धा काढून टाकला असता तर निदान समोर दिसलं तरी असतं की इथे काही नाही.

रॉड बनवून घ्यायला तिथे कोणी नव्हतं. मग 6 मिलीमीटर डायनीमा, म्हणजे फार मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी, घेतला, त्याची एक दोरी साधारण चार टन ताणाला तुटते, वरच्या आणि खालच्या डोळ्यामध्ये त्याचे सहा फेरे घातले, डोळ्यांच्या कडा फाइलने घासून गोल केल्या कारण डायनीमाला धार चालत नाही, आणि शेवटी मध्यावर आडवे वेढे देऊन सगळे फेरे एकत्र आवळले. लिव्हर परत ताणला, पट्टी ठेवली, नाही डुलली. तेव्हा निघालो. बेडच्या मधून दोरखंड गेलेला बघून मालक म्हणाले, "आणि इथे झोपायचं कसं?" मी म्हणालो, "सर, पुढे कोणी झोपणार नाहीये."

समुद्रावरचे सुरुवातीचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. मग बॅरोमीटर तीन तासांत पाच मिलिबार उतरला, अंदाज फोर्स 8 चा होता. दुपारी वारा पंचवीसच्या आत असतानाच स्टे पुढे आणून ताणला, शीड हँक लावून बॅगेतच डेकवर बांधून ठेवलं. ऊन कलायला लागलं तेव्हा तीस झाले होते आणि मी म्हणालो आत्ता चढवू. मालक नको म्हणाले. "अर्धा जेनोआ मस्त ओढतोय, साडेसात नॉट पळतोय आपण, एवढ्यात कशाला?" हे मी प्रत्येक मालकाकडून ऐकतो. बोट पळत असते तेव्हा कोणालाच हात लावावासा वाटत नाही. पण उजेडात तीस नॉटमध्ये जे काम दहा मिनिटांत होतं ते रात्री चाळीसमध्ये तासाभरात होईल याची खात्री नाही, आणि स्किपर मी होतो.

बोट वाऱ्याबरोबर वळवली, त्यामुळे डेकवर जाणवणारा वारा बत्तीसचा पंचवीसवर आला. जेनोआ पूर्ण गुंडाळून वर शीटचेच दोन वेढे जास्त दिले, फर्लरचा ड्रम बांधून टाकला. पोरगा जॅकलाइनला, म्हणजे डेकवर लांबीने ताणलेल्या सुरक्षेच्या दोरीला, हुक लावून गुडघ्यांवर रांगत पुढे गेला, बसूनच काम करायचं हे त्याला सांगावं लागत नाही, हा पोरगा हुशार आहे, कमी बोलतो आणि प्रत्येक हुक ओढून बघतो. मेनच्या, म्हणजे डोलकाठीमागच्या मोठ्या शिडाच्या, आडोशाला शीड वर गेलं, शीट आधीच टेपच्या खुणेवर, त्यामुळे जेमतेम दोन-तीनदा फडफडलं आणि ताठ झालं. मेनला तिसरा रीफ, म्हणजे ते तिसऱ्या टप्प्यापर्यंत लहान केलं. परत वाऱ्याकडे आलो तर सुकाणू हलकं, कलणं कमी, साडेपाच नॉट. मालकांचा चेहरा तेव्हाच सैल झाला होता, पण बोलले काही नाहीत.

रात्री मीटरवर 40 च्या वर स्थिर, झटक्यांत 48. मी दर अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन पुढच्या केबिनमध्ये जायचो, एक हात लॅशिंगवर, म्हणजे डायनीमाच्या त्या फेऱ्यांवर, आणि एक डेकच्या खालच्या बाजूला टेकवून थांबायचो. तिथे बोट आदळते तेव्हा माणूस फळीवरून उचलला जातो. लॅशिंग छेडलं की टणक वाजायचं, डेक स्थिर. मध्यरात्रीनंतर एकदा हात लावला तर ते दबलं. डायनीमा ताणाखाली फारसा लांबत नाही पण हाताने घातलेले फेरे बसतात, गाठी आवळतात, थोडी ढील येतेच. आणि दुसऱ्या हाताखाली डेक श्वास घेत होता, लाट आली की वर, गेली की खाली.

लॅशिंग परत आवळायचं तर आधी स्टे सैल हवा, म्हणजे कोणीतरी वर लिव्हरपाशी जायला हवं. स्टॉर्म जिब उतरवायची म्हटली तरी माणूस तिथेच पाठवावा लागणार. पोरगा म्हणाला, "दादा, मी जातो, तुम्ही खाली थांबा, तुमच्यासारखं आवळता येणार नाही मला." बोट सरळ वाऱ्याबरोबर घ्यायची, मेनला प्रिव्हेंटर (ते अचानक दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून बांधायची दोरी), जिब मेनच्या आडोशाला निपचित, हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, हातभर सैल, आणि सुकाणूवर मालक. ओरडून काही ऐकू जात नव्हतं म्हणून ठरवलं, मी खालून डेकवर एकदा ठोकलं की लिव्हर सैल, दोनदा ठोकलं की ताण. तेवढा वेळ मालकांनी बोट अशी सरळ धरली की मला खालून मागच्या लाटांचा आवाज येत होता पण बोट एकदाही आडवी गेली नाही. हे लिहायलाच हवं, त्यांच्याबद्दल बाकी काहीही वाटत असलं तरी. एकदा ठोकलं, डेक हाताखाली खाली बसलेला कळला, आडवे वेढे सोडून पाय फळीला लावून परत ओढले, बोटं सोलली गेली, गाठ मारली, दोनदा ठोकलं. लॅशिंग वाजलं. पोरगा परत कॉकपिटमध्ये आल्याचं ऐकेपर्यंत मी तिथून हललो नाही.

सकाळी वारा उतरला, दोन दिवसांनी बंदर. डेकवर त्या डोळ्याभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, केसाएवढी एक चीर होती, ती निघताना नव्हती.

आता ज्याच्यावर मी अडकलोय ते. निरोप घेताना मालक मनापासून म्हणाले, "बघा, दोरीने काम झालं ना, म्हणजे रॉडची तशी गरज नव्हती." आणि दुसरं, "जेनोआनेही निभावलं असतं." या दोन्हींना माझ्याकडे असं उत्तर नाही जे त्यांना पटेल. जे झालं नाही ते दाखवता येत नाही. मी त्यांना चीर दाखवली, ते म्हणाले जुनी असेल, तर माझ्याकडे पट्टी ठेवून काढलेले आधीचे फोटो होते ते दाखवले, मग गप्प झाले. ज्याने सर्व्हे केला होता त्यालाही फोन केला. फॉर्मवर स्टॉर्म जिब आहे, आतला स्टे आहे, ताणाचा लिव्हर आहे, तिन्हीसमोर खूण. खाली काय आहे ते बघितलं नाही का विचारलं, तर पॅनेल उघडणं आमच्या कामात येत नाही म्हणाला. कायद्याने त्याचं बरोबरही असेल. पण ताण चार बोल्टांवर थांबतो की कण्यापर्यंत जातो एवढंच बघायचं आहे, ते न बघता "स्टे आहे" यासमोर खूण कशी करतात हे मला कळत नाही, आणि अशा बोटी किती असतील हा विचार मला जास्त त्रास देतो, कारण सुंदर सलग बेड सगळ्यांनाच आवडतो.

मालकांना मी लेखी दिलंय. दोन डोळ्यांमधलं अंतर, पिनांचे व्यास, रॉड कुठल्या स्टीलचा, दोन्ही टोकांना टर्नबकल (ताण कमीजास्त करायचा स्क्रू) की एकाला, बोल्टांच्या जागी डेक उघडून ओला बाल्सा निघाला तर काय करायचं, सगळं चित्रासकट. बेड दोन भागांत कसा करता येईल तेही काढून दिलं, मधला तुकडा उचलता येईल असा. लॅशिंग तसंच ठेवा, रॉड बसेपर्यंत कापू नका, हे खाली ठळक लिहिलंय. अजून उत्तर आलेलं नाही. पोरगा पुढच्या महिन्यात त्याच बोटीवर परत जाणार आहे, त्याला सांगून ठेवलंय की चढल्या चढल्या आधी पुढच्या केबिनमध्ये जा आणि काय आहे ते मला कळव.