नाव घातलेली वाटी

परवा दुपारी माळ्यावरचं खोकं खाली काढलं. कशासाठी काढलं ते आता आठवत नाही, चकलीचा सोऱ्या शोधत होते बहुतेक. सोऱ्या मिळाला नाही. मिळाली एक स्टीलची वाटी, काठाला पोचा आलेली, आणि तिच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: र. वि. सा. १४-५-७२.

आमच्या घरात र नाही, वि नाही, आणि सा तर मुळीच नाही.

लहानपणी मला वाटायचं, भांड्यांवर नाव घालतात ते चोराच्या भीतीने. चोर काय आद्याक्षरं वाचून वाटी परत ठेवणार होता? भुलेश्वरला भांडीवाल्याकडे आई नव्या डब्यांवर नाव घालून घ्यायची तेव्हा ते मशीन दाताच्या डॉक्टरकडे असतं तसं टर्रर्र करायचं आणि मी कानात बोटं घालून उभी राहायची. एका अक्षरात ठिपके किती ते मोजायची. आता कळतं, वाटी घराबाहेर जाणार हे दुकानदारालाही ठाऊक होतं. घरातल्या घरात राहणाऱ्या वाटीला नावाची काय गरज?

आमची खोली गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या पार टोकाला. नंबर आठ. जिन्यापासून आमच्या दारापर्यंत सात दारं, सातही सताड उघडी. जिन्यालगतच्या एक नंबरच्या काकूंना अख्ख्या मजल्याची खबर असायची: कोण किती वाजता आलं, पिशवीत काय होतं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला. लोक त्यांना भोचक म्हणत. मीही म्हटलंय. पण आता वाटतं, बाईंचा काय दोष? त्यांची खोलीच तशी होती. त्यांना आठ नंबर दिला असता तर त्याही आईसारख्या अबोल झाल्या असत्या, आणि आईला एक नंबर मिळाला असता तर... जाऊ दे. आमच्या दारावरून कुणी जातच नसे. आम्हाला मात्र सगळ्यांच्या दारांवरून जावं लागे.

आठवीत सहामाहीला गणितात नापास झाले. प्रगतिपुस्तक दप्तरात, दप्तर पोटाशी धरलेलं, आणि समोर सात दारं. एक नंबरला नुसतं तोंड बघून कळलं. "काय गं, लागला का निकाल?" मी हं म्हटलं. तीन नंबरला पोचेपर्यंत "किती?" असा आवाज मागून आला. पाच नंबरचे काका बंडीवर बसून पेपर वाचत होते, त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. आठ नंबरला पोचले तेव्हा आई दारातच उभी. बातमी माझ्या आधी पोचली होती. कशी ते अजून कळलेलं नाही, मी काही रमतगमत आले नव्हते.

संध्याकाळी पाच नंबरच्या काकांनी बोलावणं धाडलं. शहाबादी फरशीवर खडूने गणित घालायचे, चुकलं की ओल्या फडक्याने पुसायचे. फी नाही, कौतुक नाही. वार्षिकला त्रेसष्ट मिळाले तेव्हा म्हणाले, "बाकीचे सदतीस कुठे सांडलेस?" परत येताना पुन्हा दारं. या वेळी मी मुद्दाम हळू चालले.

या शेजाराला लोक प्रेम वगैरे म्हणतात. असेलही. पण त्याच्या बुडाशी भाड्याची पावतीही होती. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि चाळीतली भाडी १९४० च्या आकड्यावर गोठली. आजोबांच्या आणि बाबांच्या पावत्यांत फरक होता तो शाईचा. एवढ्या स्वस्तात खोली कोण सोडणार? आणि खोली सोडायची नाही म्हटल्यावर शेजाऱ्याशी भांडून जाणार कुठे? भांडणं व्हायची, नळावरून तर रोजची, पण ती संध्याकाळपर्यंत मिटवावी लागत. उद्या पहाटे पुन्हा त्याच नळावर त्याच बादल्या घेऊन उभं राहायचं असे. तीन पिढ्या एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. मालकालाही त्या भाड्यात डागडुजी परवडेना, म्हणून आमची गॅलरी शेवटी लाकडी टेकूंवर उभी होती. मुंबईचा सार्वजनिक गणपती १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत बसला, यात मला तरी नवल वाटत नाही. मंडप नंतर आला असेल, प्रेक्षक आधीच कठड्याला टेकून उभे असणार.

मला ती चाळ परत हवी आहे असं मात्र कुणी समजू नये. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला दिवसा झोप नाही, नव्या सुनेला हसायला जागा नाही, आणि सकाळच्या त्या संडासाच्या रांगेबद्दल मी काहीही लिहिणार नाही.

विरजणाबद्दल लिहीन. आमचं दही बिघडलं की आई मला वाटी देऊन सात नंबरकडे पिटाळायची. त्यांचं बिघडलं की त्या चार नंबरकडे. मात्र दिवेलागणीच्या आत. तिन्हीसांजेनंतर दही आणि मीठ कुणी कुणाला देत नसे, मागणारीला पाठीत धपाटा मिळे. चमचाभर दही वाटीच्या तळाशी, वर हाताचा पंजा, आणि गॅलरीतून चालायचं. असं फिरून फिरून सगळ्या मजल्याचं दही एकाच वंशाचं झालं होतं. पहिल्या मजल्यावरचं आंबट असतं असं आमचं ठाम मत होतं. ते आमच्याबद्दल काय म्हणत असतील कोण जाणे.

वाट्या यायच्या, जायच्या, सणावारी चार दिवस मुक्काम करायच्या. रिकामी परत करायची नाही, काही नसलं तर साखरेचे चार दाणे. त्या येण्याजाण्यात र. वि. सा. आमच्याकडे राहिली असणार. सात नंबरचे साने? की तळमजल्यावरचे सावंत, ज्यांच्या मुलीच्या लग्नात अख्ख्या चाळीतली भांडी गोळा झाली होती? विचारायला आई नाही. चाळही नाही. गिरगावात आता जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन आहे. मागे उतरले तर वर आल्यावर फणसवाडी कुठल्या हाताला हे मला क्षणभर सुचेना.

आता ठाण्यात, चौदावा मजला. मजल्यावर चार दारं, चारही बंद, मध्ये लिफ्ट. कुणाच्याच दारावरून कुणी जात नाही. चौघंही आठ नंबरच. तरी माझी एक खोड गेलेली नाही. एखादं दार उघडं दिसलं की मी आपोआप खाकरते. समोरच्या मुलीला वाटतं, काकूंना कायमचा खोकला आहे.

गेल्या महिन्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारलं, कुणाकडे विरजण आहे का? दोन अंगठे आले. एकाने दहा मिनिटांत दही घरपोच देणाऱ्या ॲपची लिंक टाकली. मग बेल वाजली. समोरची मुलगी, हातात हॉटेलच्या पार्सलचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात दही. चमचाभर नव्हे, चांगलं पावशेर.

"काकू, डबा परत नको हं, टाकून द्या."

चांगुलपणानेच म्हणाली. माझंच तोंड एवढंसं झालं. परत नको म्हटल्यावर त्या दाराची बेल वाजवायला निमित्त काय उरलं? डबा घासून ओट्यावर उपडा घालून ठेवलाय. महिना झाला. टाकवत नाही.

काल रात्री त्या र. वि. सा. वाटीत दही लावलं. म्हटलं, बघू.

सकाळपर्यंत लागलं नव्हतं. दूध फार गार होतं बहुतेक.