तुम्ही विचारलंत म्हणून: कार्यशाळा झाल्यावर मार्गदर्शक कशाला?

संशोधन-कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी तालुक्याचा एखादा वैद्यकीय अधिकारी मला हमखास विचारतो, की संख्याशास्त्र शिकून झाले, प्रमाणपत्रही मिळाले, मग आता वर्षभर मार्गदर्शक कशाला?

एका डॉक्टरबाईंनी क्षयरोगाच्या नोंदवहीतून ४२० रुग्णांची माहिती संगणकात भरून सरासरी वय ४९ काढले होते. वय न कळलेल्या रुग्णांपुढे ९९ लिहिण्याची तिथे पद्धत होती, हे मला तक्ता पाहताच लक्षात आले, पण मी एवढेच म्हणालो, “मॅडम, तुमचा सर्वांत वयस्क रुग्ण किती वर्षांचा?” बराच वेळ तक्ता वरखाली करून त्या म्हणाल्या, “सर, नव्याण्णव वर्षांचे साठजण आहेत!” आणि स्वतःच हसल्या. कार्यशाळेत हे शिकवता येत नाही, कारण तिथला तक्ता आम्हीच आधी स्वच्छ करून ठेवलेला असतो.

क्षयरोगावर काम करणारी ‘द युनियन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि मेदसाँ साँ फ्रोंतिएर ही डॉक्टरांची मदतसंस्था यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली आलेल्या ‘सॉर्ट इट’ या आरोग्यसेवकांना संशोधन शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात आराखडा, विश्लेषण आणि शोधनिबंध या प्रत्येक टप्प्याला मुदत असते, ती चुकली की उमेदवार बाहेर पडतो, आणि मार्गदर्शक शेवटपर्यंत सोबत राहतो. बाळंतपणे आणि साथी सांभाळणाऱ्यांना ही शिस्त जाचते, हे मला मान्य आहे.

मार्गदर्शक परदेशी असला तर संशोधनाचा प्रश्नही परदेशी होतो, ही भीती निराधार नाही. उमेदवारीच्या काळात मी गोळा केलेल्या माहितीवर बाहेरच्या एका संस्थेने निबंध छापला आणि माझ्या वाट्याला ऋणनिर्देशातली अर्धी ओळ आली. पण मसुरीत जन्मलेले, पंजाबातल्या नारंगवालला काम केलेले अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे कार्ल टेलर यांच्याकडे शिकून रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले, पुढे अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य टेलर यांच्याकडेच शिकून गडचिरोलीला गेले, आणि घरोघरच्या नवजात बालसेवेवरचा बंग यांचा १९९९ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध गडचिरोलीतल्या ३९ गावांच्या प्रश्नाचाच होता.

अनुदानाच्या अर्जात प्रवासखर्चाला रकाना असतो, मार्गदर्शकाच्या वेळेला बहुधा नसतो. म्हणून आमचे फोन रविवारी सकाळी होतात. डॉक्टरबाईंचा निबंध दोनदा परत आला. तिसऱ्यांदा पाठवताना त्यांनी माझे नाव आदराने पहिले टाकले होते. ते मी त्यांनाच सांगून लेखकांच्या यादीत सर्वांत शेवटी टाकायला लावले.