विजयदुर्ग: साहेबाचे ओटे आणि रिक्षावाल्याचा प्रश्न

तळेरे फाट्याला महामार्ग सोडला की विजयदुर्ग पन्नासेक किलोमीटर. रस्ता वळणावळणांचा, गाडी लागणाऱ्यांनी पोट हलकं ठेवावं. रेल्वेने आलात तर कणकवलीला उतरून एसटी. परतीची वेळ मात्र आधीच विचारून ठेवा. आम्ही विचारली नव्हती.

तिहेरी तटबंदीवर भरपूर लिहून झालंय. मी गेलो होतो ‘साहेबाचे ओटे’ बघायला. दिसायला काही नाही. दुर्बिणी मांडायचे ओटे, भोवती गवत. हेलियमचा शोध इथेच लागला असं अभिमानाने सांगतात, पण तारखा जुळत नाहीत. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाला नॉर्मन लॉकयर, म्हणजे हा शोध ज्याच्या नावावर आहे तो ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ, इंग्लंडातच होता. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. विजयदुर्गला तो आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता, 1895 मध्ये.

हाच हेलियम आज रॉकेटात लागतो. जळायला नव्हे, ढकलायला. इंधन संपत जातं तसा टाकीतला दाब घसरतो, तो हेलियम सावरतो. द्रव हायड्रोजन असतो उणे 253 अंशांवर. तिथे नायट्रोजनसुद्धा गोठतो. हेलियम वायूच राहतो आणि कशाशी संयोगही पावत नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याला तर पंपच नाही, सगळं काम हेलियमच्या दाबावर.

एसटी चुकल्यावर केलेल्या रिक्षात हे सांगत होतो, तर रिक्षावाले काका म्हणाले, “मगे रॉकेट हयसून कित्याक उडवणत नाय?”

म्हटलं, पृथ्वी पूर्वेकडे फिरते. श्रीहरिकोट्याची जमीनच सेकंदाला साधारण 450 मीटर पूर्वेला पळतेय; कक्षेसाठी लागणाऱ्या पावणेआठ किलोमीटरांतला तेवढा वेग फुकट. शिवाय गळून पडणारे टप्पे बंगालच्या उपसागरात जातात. इथून पूर्वेला उडवलं तर ते घाटापलीकडच्या गावांवर.

“पश्चिमेक उडवा.”

बिनतोड! इस्रायल तसंच उडवतो, पूर्वेला शेजारी देश आहेत म्हणून. पण मग पृथ्वीचा वेग मिळायच्या ऐवजी कापला जातो, आणि तेवढ्याच इंधनात कमी वजन वर जातं.

ओट्यांपाशी सावली नाही, सकाळीच जा, पाणी घेऊन. ऑगस्टात जाणार असाल तर चांगल्या पकडीचे बूट घाला, दगडांवर शेवाळ असतं. जेवण खानावळीत आधी सांगून ठेवा. आणि रिक्षाचं भाडं बसण्यापूर्वी ठरवा. मी गप्पांच्या नादात विसरलो.